कानशीची रेघ

ब्रिटनमध्ये गाडीची ओळख ठरवायला कित्येक वर्षे एक गुणपत्रिका होती. जुन्या गाडीचे इतके भाग बदलले की ती मूळचीच म्हणायची की नाही असा प्रश्न आला, तर वाहन नोंदणीचं खातं, म्हणजे डीव्हीएलए, तिला गुण द्यायचं. चासी किंवा सांगाड्याला पाच. सस्पेन्शन, ॲक्सल, ट्रान्समिशन, स्टीअरिंग यांना दोन-दोन. इंजिनाला फक्त एक. चौदापैकी आठ मिळाले तर जुना नंबर राहायचा, नाही तर गेला. यात ट्रिमला गुणच नव्हते. बंपरची पट्टी, दाराची मूठ, बॉनेटवरचं चिन्ह, काचेची खिटी, डॅशबोर्डचा पत्रा, सगळं मिळून शून्य.

माझा पोटापाण्याचा धंदा या शून्याचा. मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात कानस धरायला शिकलो, पुढे कॉव्हेंट्रीला आलो, एका टूलरूममध्ये नोकरी केली आणि ती टूलरूम बंद पडल्यावर घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं काम मांडलं. जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांचे, त्यातही जग्वारचे, बाजारात न मिळणारे बारीकसारीक भाग मी नव्याने करून देतो. कोल्हापूरचा माझा मेहुणा हे ऐकून पहिल्यांदा म्हणाला होता, “म्हणजे दाजी, डुप्लिकेट मालच की ओ.” तो अजूनही तेच म्हणतो. त्याला द्यायचं उत्तर मी अनेक वर्षे मनात जुळवतोय.

जग्वारची ई-टाइप मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांना दिसली. तिचा आकार माल्कम सेअरचा. हा माणूस विमानांच्या कारखान्यातून आलेला, त्यामुळे गाडीच्या वक्ररेषा नजरेवर न सोडता गणिताने काढायचा. 1974 पर्यंत कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेनला अशा सुमारे 72,000 गाड्या झाल्या. आज या गाडीच्या इंजिनाचं जवळजवळ काहीही नवं मिळतं, कारण इंजिन झिजतं, मागणी कायम राहते आणि कोणी ना कोणी माल करत राहतं. अडतं ते खिटीपाशी. कूपे गाडीच्या बाजूची मागची छोटी काच किंचित बाहेर ढकलून हवेला वाट करून देता येते. ती ढकलायची आणि बंद करायची खिटी अंगठ्याएवढी. अशा वस्तूंच्या डाय केव्हाच भंगारात गेल्या आणि त्या ओतणारे छोटे कारखानेही. चार-दोन गिऱ्हाइकांसाठी नवी डाय करणं परवडत नाही.

असले भाग त्या काळी बहुतेक मॅझॅकचे. मॅझॅक म्हणजे जस्तात थोडं ॲल्युमिनियम घातलेला मिश्रधातू. डायमध्ये दाबाने भरला की बारीक अक्षरसुद्धा स्वच्छ उतरतं आणि खर्च कमी. त्यावर तांबं, तांब्यावर निकेल, निकेलवर क्रोम. कौतुक सगळं क्रोमच्या वाट्याला जातं, पण सजावटीच्या क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर. गंजापासून राखण करतं ते निकेल. निकेलात कुठे सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं की ओल आत उतरते, खालचं जस्त खाते आणि वर फोड येतो. फोड घासला की खाली खड्डा. बफिंगवाला खड्डा नाहीसा होईपर्यंत घासतो आणि त्याबरोबर कडाही घालवतो. खिटी चकचकीत होऊन परत येते खरी, पण वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी.

म्हणून मी ती पितळेत ओतून घेतो. मेणाची प्रत करायची, तिच्यावर लेप चढवायचा, तापवून मेण काढून टाकायचं आणि राहिलेल्या पोकळीत पितळ ओतायचं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात देवाच्या मूर्ती ओतायला हीच रीत दिली आहे. पण पितळ थिजताना आकसतं, फुटाला सुमारे 3/16 इंच. पॅटर्नवाल्याची फूटपट्टी त्यासाठी मुळातच लांब आखलेली असते. जुन्या खिटीवरून सरळ साचा घेतला तर येणारी खिटी बारीक येते. तिच्यावरून दुसरी काढली तर आणखी बारीक. बाजारात अशा नातवंडं-पतवंडं म्हणाव्या अशा प्रती मिळतात. दिसायला ठीक, पण बसवायला गेलं की भोकं जुळत नाहीत.

तेव्हा मूळ वस्तूची नक्कल मूळ वस्तूवरून करताच येत नाही. शिवाय माझ्याकडे येते ती खिटी साठ वर्षे अंगठ्याखाली झिजलेली. तिची कड कुठे होती हे मला तर्काने ठरवावं लागतं. मग वाटलं, कधीच न वापरलेल्या, जुन्या डब्यात तशाच पडून राहिलेल्या खिट्या मिळवाव्यात, म्हणजे वादच मिटला. त्या मिळवल्या, व्हर्नियर लावला, तर एकीचं माप दुसरीशी जुळेना. कुठे अर्धा मिलिमीटर जास्त, कुठे कड वेगळी वळलेली. डायही झिजत असते, पॉलिश करणारा माणूसही संध्याकाळपर्यंत थकतो, आणि गाडीवर बसवताना फिटर कानस मारून बसवायचा तो वेगळाच. डब्यावर पार्ट नंबर मात्र एकच. जिची नक्कल करायची म्हणून मी निघालो होतो ती एक अशी ‘मूळ खिटी’ कारखान्यातसुद्धा कधी नव्हती.

न्यायसूत्रांमध्ये गौतमाने हा वाद गाईवरून घातला आहे. गाय म्हटलं की नेमकं काय कळतं: ही समोरची गाय, गाईचा घाट, की गाईगाईंत सारखं असलेलं गोत्व? तो म्हणतो, तिन्ही. व्यक्ती, आकृती, जाती. मला हे वर्गीकरण फार उपयोगी पडलं. एखाद्या गाडीला ब्राउन्स लेनला 1962 मध्ये बसवलेली खिटी ही व्यक्ती. ती हरवली की हरवली, ती मी देऊ शकत नाही. घाट मी देतो. आणि घाट बरोबर उतरला, खिटी आपलं काम करू लागली की जाती तिच्यात असतेच, ती वेगळी घडवावी लागत नाही. मेहुण्याला वाटतं मी व्यक्ती विकतो.

बौद्धांना हे पटणार नाही. एकेक फळी बदलत गेलेल्या थिसिअसच्या जहाजाचा दाखला इकडे जो तो देतो. मला जवळचा वाटतो तो नागसेनाचा रथ. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये ग्रीक राजा मिनँडर भिक्षू नागसेनाला भेटायला येतो. नागसेन विचारतो, चालत आलात की वाहनातून? रथातून. मग अक्ष म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि हे सगळे भाग सोडून वेगळा असा रथही त्याला दाखवता येत नाही. तेव्हा रथ हे एक चालू नाव, भागांच्या आधाराने व्यवहारात वापरायचं. अक्ष म्हणजे रथ का, याला डीव्हीएलएचं उत्तर मला पाठ आहे: नाही, पण दोन गुण मिळतील. गंमत सोडा. राजा खरोखर रथातून आला होता आणि रथातूनच परत जाणार होता, हे मला त्या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं. रथ सापडत नाही म्हणून नागसेनाने त्याला चालत पाठवलं नाही.

1990 मध्ये लंडनच्या न्यायालयात हा वाद खऱ्या पैशांवर झाला. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची गाडी. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची शर्यत जिंकलेली, दोन्ही वेळा वूल्फ बार्नाटोच्या हाती. पुढे तिची पुन्हा बांधणी झाली, मोठं इंजिन बसलं, 1932 मध्ये ब्रुकलँड्‌सच्या शर्यतीत क्लाइव्ह डन्फी तिच्यात मारला गेला, नंतर तिच्यावर बंदिस्त बॉडी चढली. तिचा एक कोटी पौंडांना सौदा ठरला, मग घेणारा म्हणाला, यात ल माँचं राहिलंय काय? न्यायमूर्ती ऑटन यांनी सगळा इतिहास तपासला. 1929 चं जवळजवळ काही उरलं नाही हे मान्य केलं, तिला मूळ गाडी म्हणता येणार नाही हेही सांगितलं, आणि तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला: ही अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च आहे, कारण मध्ये कुठेही तिचं असणं थांबलं नाही. गाडी बदलत गेली, पण बदलत गेली ती तीच. या निकालावर अजून लोक भांडतात. माझं मत न्यायमूर्तींकडे झुकतं.

उलट जग्वारनेच पुढे जे केलं त्याबद्दल माझं मन तितकं मोकळं नाही. 1963 मध्ये हलक्या, शर्यतीच्या ई-टाइप अठरा करायच्या ठरल्या होत्या, झाल्या बारा. उरलेले सहा चासी नंबर तसेच कागदावर राहिले आणि 2014 मध्ये कंपनीने त्या नंबरांच्या सहा गाड्या नव्याने बांधल्या. फेब्रुवारी 1957 मध्ये ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली त्यात एक्सकेएसएस नावाच्या नऊ गाड्या जळाल्या. त्यांच्या जागी साठ वर्षांनी नऊ नव्या केल्या. कारागिरी उत्तम आहे, मी जवळून पाहिली आहे, आणि कोणी काही लपवलेलंही नाही. पण अर्धं शतक देहाची वाट पाहत बसलेला नंबर ही कल्पना ऐकून मला हसू येतं. आत्म्याला वहीत जागा राखून ठेवावी तसं ते आहे. खिटी बदलताना आजूबाजूची गाडी जागेवर असते; नव्या खिटीला जुन्या दाराशी, जुन्या काचेशी जुळवून घ्यावं लागतं. सगळंच एकदम नवं केलं तर जुळवून घ्यायला समोर कोणी उरत नाही.

कॉव्हेंट्रीत राहणाऱ्याला या प्रश्नापासून सुटका नाही. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत इथलं मध्ययुगीन कॅथीड्रल जळालं. बाहेरच्या भिंती आणि मनोरा उरला. ते होतं तसं पुन्हा उभारता आलं असतं. तसं न करता भग्न भिंती तशाच ठेवल्या आणि शेजारी बेसिल स्पेन्सने आराखडा केलेलं नवं कॅथीड्रल बांधलं. मे 1962 मध्ये ते देवाला अर्पण झालं. म्हणजे इकडे ब्राउन्स लेनला ई-टाइप दारं लावून बाहेर पडत होत्या तेव्हा गावाच्या मध्यभागी, गेलेलं पुन्हा करायचं नाही असं ठरवून बांधलेलं कॅथीड्रल पुरं होत होतं. आम्ही पाहुण्यांना तिथे नेतो तेव्हा सगळे जळक्या तुळयांच्या क्रूसापाशी थांबतात. छप्पर कोसळल्यावर दोन तुळया आडव्या-उभ्या पडलेल्या सापडल्या, त्यांचा बांधलेला तो क्रूस. भग्न भिंतींत आज उभा आहे तो मात्र प्रतिकृती आहे. मूळचा आत, पावसापासून दूर ठेवला आहे. प्रतिकृतीपुढे माणसं डोकं झुकवतात आणि त्यात खोटं काही नाही. कोल्हापूरला अंबाबाईची पालखी दर शुक्रवारी रात्री निघते, तिच्यात मूळ मूर्ती नसते, उत्सवमूर्ती असते. म्हणून त्या पालखीपुढे हात जोडणारा फसला असं तिथे कोणी म्हणेल का? मूळ मूर्तीने गाभाऱ्यात राहावं म्हणून दुसरीने बाहेर फिरायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मूळ मूर्तीचा प्रश्न अवघड आहे. शतकानुशतकांच्या पूजेने झिजलेल्या त्या मूर्तीचं 2015 मध्ये पुरातत्त्व खात्याने रासायनिक संवर्धन केलं, तेव्हा गावात जे वाद झाले ते मी फोनवरून ऐकले. मेहुणा एका बाजूला, माझी बहीण दुसऱ्या. आपल्याकडे मूर्ती भंगली की विसर्जन हे सगळे मानतात. पण झिजणं म्हणजे भंगणं नव्हे, हेही सगळे मानतात. झीज ही पूजेची खूण. ती भरून काढावी का, इथे शहाणी माणसंही एकमेकांशी बोलेनाशी होतात.

घरच्या देवांपुरतं आम्ही हे सोपं करून टाकलेलं आहे. आमच्या देव्हाऱ्यात जोतिबाचा आणि खंडोबाचा चांदीचा टाक. आजीच्या बोटांनी रोज हळद-कुंकू लागून, रोज पुसून खंडोबाचे नाक-डोळे इतके गेले की घोडा कोणता आणि देव कोणता ते अंदाजाने कळायचं. आईने गुजरीतल्या सोनाराकडून नवे करून घेतले. जुनी चांदी नव्यात मिसळली, ही आमच्या घरची रीत. सोनाराकडे ठसा असतो. पत्रा ठशावर ठेवून ठोकला की घोडा, तलवार, शेजारी म्हाळसा, सगळं पुन्हा उमटतं. नवा टाक घरी आला, न्हाऊन देव्हाऱ्यात बसला आणि दुसऱ्या दिवशी आईने त्याला तसंच कुंकू लावलं. मी पोरवयाचा होतो, बाजूला उभा होतो, आणि कोणालाही शंका आली नाही की खंडोबा बदलला. पण आता या धंद्यात राहून मला दुसरंच आठवतं: आईने सोनाराला असं सांगितलं नव्हतं की आजीच्या बोटाने नाक झिजलंय तेवढं नव्यातही झिजवून दे. कोणीच सांगत नाही.

माझ्याकडे मात्र असं सांगणारे येतात.

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ आले. निवृत्त, सभ्य, गाडी पहिल्या काळातली, कंपनीच्या हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र हातात: चासी, इंजिन, बॉडी, गिअरबॉक्स, सगळे नंबर जुळणारे. कॉन्कूरच्या, म्हणजे गाडी मूळ रूपात किती जपली आहे ते जोखणाऱ्या स्पर्धेत उतरवायची होती. डाव्या काचेची खिटी मूळची होती, उजवी कोणी तरी कधी काळी हरवलेली. मी उजवी करून दिली. त्यांनी भिंग लावून दोन्ही शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, “डावीच्या पाठीवर ही रेघ आहे, ती उजवीवर नाही.”

रेघ होती खरी. खिटीच्या आतल्या अंगाला, बसवल्यावर दिसणारही नाही अशा जागी, कानशीचा एक तिरका ओरखडा. ब्राउन्स लेनच्या कुणा फिटरने खिटी बसेना म्हणून मारलेला एक हात. गृहस्थांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता: त्याच माणसाने त्याच दिवशी दोन्ही बाजू बसवल्या असणार, तेव्हा उजवीवरही अशीच रेघ असणार. अनुमान म्हणून मी ते मान्य केलं. रेघ मारायला तयार झालो नाही.

ते चकित झाले, आणि त्यांचं चकित होणं रास्त होतं. त्यांच्याच गाडीसाठी मी डॅशबोर्डच्या मधला ॲल्युमिनियमचा पत्रा करून दिला होता. पहिल्या गाड्यांत तो ठिपक्यांच्या नक्षीचा असायचा. 1963 च्या सुमारास कंपनीने तो बदलून काळं आवरण आणलं. त्या पत्र्यावर शेकडो ठिपके मी बिनधास्त उठवले होते. मग एका रेघेला एवढं काय?

ठिपके आकृतीचे आहेत. ते कुणी तरी ठरवले, ठशावर कोरले, आणि प्रत्येक पत्र्यावर तसेच उठावेत यासाठीच ते होते; माझ्या हातून उठले तरी त्यांचा हेतू पुरा होतो. रेघ कुणी ठरवली नव्हती. ती कुठल्याही ड्रॉइंगवर नाही. एक माणूस, एक अडलेली खिटी, हातात कानस, आणि कदाचित चहाच्या भोंग्याची वेळ जवळ आलेली. ते एका माणसाचं कर्म आहे आणि ते घडून गेलं. आकृती पुन्हा करता येते, कारण ती पहिल्यापासूनच कुणा एकाची नव्हती. घडून गेलेलं कर्म मी पुन्हा केलं तर ते माझं होतं, आणि त्याच्यावर दुसऱ्याचं नाव घातलं तर ती खोटी साक्ष होते. रेघ म्हणते की इथे त्या दिवशी तो होता. उजव्या खिटीपाशी तो नव्हता. त्याच्या काळी ही खिटी जन्मालाही आली नव्हती.

गृहस्थ म्हणाले, “पण तुम्हीही कानस मारताच ना?” मारतो. उजवी खिटी गाडीवर बसवून पाहिली तेव्हा खालच्या कडेला अडत होती, तिथे मी दोन हात मारले आणि ती खूण पॉलिश न करता ठेवली. ती मला लागली म्हणून मारलेली आहे. शिवाय प्रत्येक भागाच्या पाठीवर मी एक बारीक शिक्का मारतो, वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि माझी खूण. एका मोठ्या व्यापाऱ्याने शिक्का काढलात तर कायमचं काम देईन म्हणून सांगितलं होतं. त्याला नाही म्हणायला मला फार विचार करावा लागला नाही, बायकोला जरा लागला. शिक्का मी गिऱ्हाइकासाठी मारत नाही. आणखी पन्नास वर्षांनी कोणी तरी ही खिटी हातात धरून व्हर्नियर लावेल आणि तिच्यावरून कड ठरवू पाहील, तेव्हा ती कुठली हे त्याला कळायला हवं. मला ज्या डब्यांनी घोळात टाकलं त्यांत माझ्या डब्याची भर नको.

गृहस्थांनी पैसे दिले, खिटी नेली. महिन्याभराने स्पर्धेतल्या गाडीचे फोटो पाठवले, सोबत उजव्या खिटीच्या पाठीचाही एक. रेघ आहे. तिरकी, डावीच्या उलट बाजूला झुकलेली, हात जरा जड पडलेला. कानस नवी असावी. त्यांनी स्वतःच मारली आहे आणि तसं पत्रात सरळ लिहिलं आहे. गाडी उद्या विकली तर घेणाऱ्याला ते हे सांगतील की नाही, तो त्यांचा प्रश्न. माझा शिक्का त्या रेघेपासून बोटभर अंतरावर आहे. तो घासून काढायचा म्हटला तर निकेलखाली जस्त लागणार नाही, पितळ लागेल.